आगाऊ सूचना

लिबी वाव्राला आयुष्यात सगळं जमलं, एक गप्प बसणं तेवढं जमलं नाही. आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात भाचीचं नशीब नेमकं लिबीच्या गप्प बसण्यावर येऊन ठेपलं.

तसा यात तिचा दोष नव्हता. बावन्न साली, अठराव्या वर्षी, ती लिपा गावच्या टेलिफोनच्या खोलीत कामाला लागली. किराणा दुकानाच्या माडीवर ती खोली. समोर भोकाभोकांची लाकडी फळी, कानावर चढवलेलं काळं यंत्र, आणि अख्ख्या गावाचं बोलणं लिबीच्या हातातल्या दोऱ्यांतून जाणार. एकेका तारेवर आठ-आठ घरं. कोणाची गाय अडली, कोणाचा मुलगा कोरियाच्या लढाईवरून परत येतोय, कोणी कोणाशी बोलणं टाकलंय, हे लिबीला त्या त्या घरच्यांच्या आधी कळायचं. कोणाला डॉक्टर हवा असला तर तो फोन उचलून डॉक्टरांचं घर मागत नसे. "लिबी, डॉक्टर आत्ता कुठेयत?" असंच विचारी. आणि लिबीला माहीत असे.

एकसष्ट साली आपोआप जोडणारी यंत्रं आली. फळी गेली, खोलीला कुलूप लागलं. पण सवयीला कुलूप कोण लावणार? चार वर्षांनी मोठं हिमवादळ झालं, दोन म्हातारी माणसं आपापल्या घरात एकटी अडकून पडली, तेव्हा लिबीने चर्चमधल्या बायकांची फोनची साखळी बांधली. लिबीने दोघींना फोन करायचा, त्या दोघींनी आणखी चौघींना, त्या चौघींनी पुढे. कोणी गेलं, कोणी पडलं, वादळ येतंय, चर्चच्या जेवणाला बटाटे कमी पडतायत, काहीही असो, साखळी फिरली की बावीस मिनिटांत गाव जागं. पुढे मोबाइल आले तरी साखळी टिकली. कारण लिपामध्ये मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त स्मशानाच्या टेकडीवर, आणि तिथे उभं राहून गप्पा मारायची हौस कोणालाच नव्हती.

जोलीन ही लिबीच्या धाकट्या भावाची मुलगी. सव्वीस वर्षांची, उंच, हसरी, आणि खोटं बोलण्याच्या बाबतीत अगदी अडाणी. गावच्या वृद्धाश्रमात ती सकाळचा स्वयंपाक सांभाळायची. जोलीनने वाटी पुढे केली तरच तोंड उघडणारी दोन-तीन माणसं तिथे होती. तिला नर्स व्हायचं होतं. सरकारी मदतीवर कॉलेजातलं पूर्वतयारीचं वर्ष तिने पुरं केलं आणि ऑगस्टपासून खऱ्या नर्सिंगच्या वर्गात तिला जागा मिळाली. जागा चोवीस, मागे रांग केवढी तरी.

मार्चमध्ये एका शनिवारी पोल्काच्या नाचाहून परत येताना पोलिसाने गाडी थांबवली. मागचा दिवा फुटला होता, एवढंच कारण. दिव्याचं बोलता बोलता गाडीच्या खणातून चिमूटभर गांजा निघाला. गाडीत तिघं होती. कोणाचा, असं पोलिसाने विचारल्यावर दोघं खिडकीबाहेर बघायला लागली आणि जोलीन म्हणाली, माझा. तिचाच होता. वकील न करता ती कोर्टात उभी राहिली, तिथेही तेच म्हणाली, दंड भरला आणि घरी आली.

गोष्ट तिथेच मिटायची. पण मदतीच्या नव्या वर्षाच्या अर्जात एक प्रश्न होता. मदत घेत असताना अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरलात का? लिबीने सल्ला दिला, ती ओळ कोरी सोड, त्यांना वाटेल विसरलीस. जोलीनने 'हो'च्या चौकटीत ठळक खूण केली. तीन आठवड्यांनी पत्र आलं. दोषी ठरल्या दिवसापासून वर्षभर मदत बंद.

"जाईन पुढच्या वर्षी," जोलीन म्हणाली, आणि बटाटे सोलायला घेतले.

'पुढच्या वर्षी'चा लिपामध्ये काय अर्थ होतो ते लिबीला पुरेपूर ठाऊक होतं. त्रेपन्न साली तिला राज्याच्या राजधानीतल्या मोठ्या टेलिफोन कचेरीतून बोलावणं आलं होतं. तिथे म्हणे एका रांगेत साठ मुली बसायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर नाचायच्या. लिबी पुढच्या वर्षी जाणार होती. तिच्या वयाचं निम्मं गाव पुढच्या वर्षी कुठे ना कुठे जाणार होतं, आणि आता ते सगळे टेकडीवर होते, जिथे रेंज उत्तम मिळते.

म्हणून लिबीने ते पत्र घरी नेलं, भिंग घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वाचून काढली. तिथे एक वाट होती. मान्यता मिळालेल्या केंद्राकडून दोन वेळा लघवीची तपासणी करून घ्यायची. दोन्ही वेळा स्वच्छ निघालं की वर्ष पुरं व्हायच्या आत पात्रता परत. अट एवढीच, की तपासणी कधी होणार हे आगाऊ कळवायचं नाही. दाखला नऊ ऑगस्टच्या आत कॉलेजात पोचला तर जागा जोलीनची. नाही पोचला तर रांगेतल्या पुढच्या माणसाची, आणि जोलीन रांगेच्या शेपटाशी.

केंद्र चाळीस मैलांवर, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गावात. तिथला नील ओस्टरगार्ड नावाचा माणूस कागद भरून घ्यायला मे महिन्यात एकदा येऊन गेला. पन्नाशीचा, मऊ आवाजाचा, शर्टाच्या खिशात तीन पेनं. जून-जुलैमध्ये केव्हाही येईन म्हणाला, आणि त्यापुढे एक अक्षर बोलला नाही. जोलीनने मार्चपासून गांजाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. म्हणजे काम डाव्या हातचा मळ होतं.

लिबीला घोर होता तो खसखशीचा. लिपा हे युरोपातल्या बोहेमियातून अमेरिकेत आलेल्यांचं गाव, आणि बोहेमियाच्या माणसात रक्त कमी, खसखस जास्त. एव्हलिन हॉरकच्या बेकरीतून सकाळी सहाला कोलाची निघायच्या, तळहाताएवढे गोड पाव, मधल्या खळग्यात जर्दाळू नाहीतर आलूबुखार नाहीतर काळीभोर खसखस. जोलीन रोज दोन खायची, दोन्ही खसखशीच्या. आणि खसखस खाल्लेल्या माणसाच्या तपासणीत अफू दिसते, असं लिबीने कुठेसं वाचलं होतं. गांजातून सुटायला गेलेली पोरगी अफूत सापडायची. खसखस बंद, असं तिने जोलीनला बजावलं. जोलीन हो म्हणाली. पण एव्हलिनचा हात आणि जोलीनचं तोंड या दोन्हींना वीस वर्षांची सवय होती.

जूनमधल्या एका बुधवारी सकाळी सव्वाआठला बर्निसचा फोन आला. बर्निस हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप चालवायची आणि बिनचष्म्याने मैलभरावरची गाडी ओळखायची. म्हणाली, तुझ्या जोलीनचा तो माणूस आलाय, पिवळी ब्यूक, एक दार निळं, चाकात हवा भरून घेतोय.

लिबीने क्षणभर विचार केला. खरं सांगायचं तर क्षणभरही केला नाही. पंचेचाळीस वर्षांच्या सवयीने बोटं आपोआप फिरली. दोघींना फोन गेला, पुढे चौघींना गेला, आणि मग स्वतः लिबीने वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात लावला तर तिथला फोन आधीच गुंतलेला. दहा मिनिटांत जोलीनला सात निरोप पोचले. खसखस खाऊ नकोस. भरपूर पाणी पी. पाणी अजिबात पिऊ नकोस. केस बांध, बरं दिसतं. ओस्टरगार्ड दाराशी पोचला तेव्हा चाकाच्या खुर्चीतले नव्वद वर्षांचे श्रीयुत पोकोर्नी त्याच्यासाठी दार उघडं धरून बसले होते.

"या, या," ते म्हणाले. "उशीर केलात. पोरगी केव्हाची वाट बघतेय तुमची."

ओस्टरगार्डने टेबलावर कागद ठेवला, खिशातलं एक पेन काढलं, आणि कागदावरचा पहिलाच प्रश्न वाचला. तपासणी आज होणार याची कल्पना होती का?

"होती," जोलीन म्हणाली.

"केव्हापासून?"

"साडेआठपासून. सात जणींनी सांगितलं. आठवीचा फोन आत्ता वाजतोय."

फोन खरंच वाजत होता. ओस्टरगार्डने बाहेर काढलेली प्लास्टिकची डबी पुन्हा पेटीत ठेवली. मग ही धरता येणार नाही, असं तो जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हणाला, आणि श्रीयुत पोकोर्नींनी त्याच्यासाठी दार पुन्हा उघडलं.

दुपारी पाळी संपल्यावर जोलीन थेट लिबीच्या घरी आली. एप्रनसुद्धा काढला नव्हता.

"आत्या, कागदावर 'आगाऊ' लिहिलंय."

"मी आपली मदतच केली ग."

"तुझी मदत थांबली तर मला सरकारची मिळेल."

हे लिबीला लागलं. लागलं की ती उलट बोलायची. म्हणाली, एक 'नाही' म्हणायला काय जीभ झिजली असती? त्या माणसाला तरी कुठे कळणार होतं? जोलीनने खुर्ची ओढली आणि बसली.

"उद्या नर्स झाल्यावर मी कोणाला गोळी दिली की नाही दिली, हे माझ्या सांगण्यावरच चालणार ना? मग सांगणं आत्तापासून सांभाळायला नको?"

लिबी चुलीकडे वळली. तिने कॉफी केली. आणि त्याच संध्याकाळी साखळी फिरवून नवा हुकूम सोडला. यापुढे त्या माणसाबद्दल जोलीनला कोणी अवाक्षर सांगायचं नाही. गाडी दिसली तरी नाही, तो गाडीतून पडलेला दिसला तरी नाही. बायकांनी शपथा घेतल्या. सूचना आगाऊ होती, पण आपण आगाऊ नाही हे दाखवून द्यायचं, असं एव्हलिन म्हणाली.

चार आठवडे गेले. लिबीला ते चार वर्षांसारखे वाटले. रोज सकाळी बर्निस तिला फोन करून, आज कोणी आलं नाही, एवढं कळवायची, आणि तेही कोणाला सांगायचं नाही म्हणून दोघी एकमेकींनाच पुन्हा पुन्हा सांगत.

सात जुलैला तो आला. त्याने डोकं लढवलं होतं. बायकोची गाडी आणली होती, वर टोपी घातली होती. बर्निसने ती गाडी पुलावर असतानाच ओळखली, कारण टोपी नवी असली तरी मान त्याचीच होती. तिने लिबीला कळवलं, लिबीने कोणालाही कळवलं नाही. म्हणजे फक्त एव्हलिनला कळवलं. जोलीन म्हाताऱ्यांचा नाश्ता आटोपून बेकरीत येणार, तिच्या पिशवीत खसखस जायला नको, एवढ्यासाठी.

जोलीन बेकरीत शिरली तेव्हा आत आठ-दहा बायका होत्या, आणि दार उघडताच सगळ्या गप्प झाल्या. त्या बेकरीत इतकी शांतता जोलीनने जन्मात ऐकली नव्हती. भट्टीतला पाव फुगल्याचा आवाज आला असता. कोणी छताकडे बघत होतं, कोणी बुटांकडे. एव्हलिनने न विचारता पिशवीत आलूबुखाराच्या दोन कोलाची भरल्या आणि म्हणाली, "काय छान हवा पडलीय, नाही?"

बाहेर बोराएवढ्या गारा पडत होत्या.

थोड्याच वेळाने ओस्टरगार्ड वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आला, टोपी काढली, कागद ठेवला आणि तोच प्रश्न विचारला. जोलीनने डोळे मिटून घेतले.

"होती कल्पना."

"या वेळी कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. एव्हलिन हवेबद्दल बोलली."

ओस्टरगार्ड तिच्यासमोर बसला. चोवीस वर्षं हे काम करतोय, तो म्हणाला. खोट्या डब्या आणणारे पाहिले, खिडकीतून पळणारे पाहिले, एकाने तर कुत्र्याची आणून दिली होती. पण खरं बोलून दोनदा हुकलेलं अजून कोणी पाहिलं नव्हतं. तिला केंद्रावर बोलावावं तर बोलावणं हीच सूचना. दुसऱ्या कोणाला पाठवावं तर केंद्रात दुसरं कोणी नाही. महिन्याभरात दोन वेगवेगळ्या दिवशी दोन तपासण्या झाल्या पाहिजेत, आणि हे गाव असं. पुन्हा येऊन बघणं, एवढंच त्याच्या हाती होतं. तो उठला. जाताना त्याने पंपावरच्या बाईंचा चष्मा किती नंबरचा आहे, असं विचारलं.

जोलीन त्या दिवशी आत्याकडे आली नाही. ते लिबीला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. भावाकडून तिला कळलं की पोरगी कॉलेजला पत्र लिहायला बसलीय, जागा सोडत असल्याचं. पुढच्या वर्षी बघू, असं त्यात आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी लिबी घराच्या पायरीवर घेवडा निवडत बसली होती. मन थाऱ्यावर नव्हतं, शेंगा टोपलीत आणि देठंही टोपलीत चालली होती. असं पाहिलं तर हे सगळं तिच्यामुळेच झालं होतं. बोललं तरी कळतं, गप्प बसलं तरी कळतं. मग माणसाने करायचं काय, मरायचं?

तेवढ्यात बारा वाजले आणि अग्निशामक बंबाच्या घरावरचा भोंगा वाजला. वादळाची धोक्याची सूचना देणारा तोच भोंगा, बिघडला तर कळावा म्हणून रोज दुपारी बाराला वाजवायचे. असा मोठा की खिडक्या थरथरायच्या. समोर टपालवाला पत्रं टाकत होता, त्याने मान वर केली नाही. कुंपणावरची मांजर उठली नाही. लिबीनेही पुढची शेंग मोडली.

आणि मग तिचा हात तसाच राहिला. हा भोंगा आज खरंच वादळासाठी वाजला असता, तर? दुपारी बाराला वादळ आलं तर लिपातल्या एका माणसाला कळणार नाही. सगळे ऐकतात आणि कोणाला काही कळत नाही.

लिबीने टोपली तिथेच ठेवली आणि आत फोनकडे गेली. साखळीच्या इतिहासात असा निरोप कधी गेला नव्हता. उद्यापासून रोज सकाळी, न चुकता, प्रत्येकीने जोलीनला सांगायचं, तो आज येतोय. रोज. बर्निसला गाडी दिसो न दिसो. दिसली तर वेगळं काही बोलायचं नाही, रोजचंच बोलायचं. एव्हलिनने विचारलं, आणि खसखस? खसखस दुकानातून हद्दपार, लिबी म्हणाली, नऊ ऑगस्टपर्यंत गावाने जर्दाळूवर भागवावं. हे शेवटचं कलम सगळ्यात जड गेलं. दोन म्हाताऱ्यांनी चर्चमध्ये तक्रार केली.

मग ती भावाच्या घरी गेली, पत्र अजून टपालात पडलं नव्हतं ते मागून घेतलं, आणि आपल्या पिशवीत टाकलं.

"उद्यापासून तुला लोक काहीबाही सांगतील," ती जोलीनला म्हणाली. "ऐकून घे. खरं-खोटं विचारू नकोस, कारण मलाही माहीत नसणार."

"आत्या, आता काय केलंस?"

"काही नाही. भोंगा लावलाय."

पहिल्या सकाळी बारा फोन आले. दुसऱ्या सकाळी चौदा. आठवड्याभरात बायकांना गोडी लागली. तो दुधाच्या गाडीतून येतोय. तो कणसांच्या शेतातून चालत येतोय. रविवारी तो ननच्या वेषात पहिल्या बाकावर बसणार होता, आणि खरोखरच आलेल्या एका बिचाऱ्या पाहुण्या ननकडे अख्खं चर्च तासभर टक लावून बघत राहिलं. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांनीही उचल खाल्ली. श्रीयुत पोकोर्नी रोज साडेसातला जाहीर करायचे, आला. जोलीन आधी वैतागली, मग हसायला लागली, मग तिने ऐकणंच सोडलं. फोन उचलायचा, "हो, आज येतोय, माहितीये," म्हणायचं आणि भाताची खीर ढवळायला जायचं.

जुलै संपला, तो आला नाही. त्याच्याकडे आणखी चार गावं होती, शिवाय लिपाची त्याने आशा सोडली असावी असं बर्निसचं मत पडलं. लिबीने कॅलेंडरकडे बघणं सोडलं. फोन मात्र एक दिवस चुकवला नाही.

चार ऑगस्टला, बुधवारी, पिवळी ब्यूक पंपावरून गेली. बर्निसने लिबीला फोन केला, खरंच आलाय ग. लिबी म्हणाली, हो हो, खरंच. बर्निस म्हणाली, अगं खरंच खरंच. लिबीने फोन ठेवला आणि रोजच्यासारखी साखळी फिरवली, कारण तिलाही आता कळेनासं झालं होतं. एव्हलिनने निरोप ऐकून जांभई दिली.

ओस्टरगार्डने कागद ठेवला. पेन काढलं. या वेळी विचारताना त्याचाच चेहरा उतरलेला होता.

"आज येणार हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"सोळा जणांनी."

त्याने पेन बंद केलं.

"थांबा," जोलीन म्हणाली. "कालही सोळा जणांनी सांगितलं होतं. परवा पंधरा, एकीचा दात दुखत होता. गेले चार आठवडे तुम्ही रोज येताय. रविवारी नन होऊन आलात."

ओस्टरगार्डने कागद पुन्हा जवळ ओढला. मग त्याने प्रश्नावर बोट ठेवून तो शब्दाशब्दाने वाचला.

"इथे सांगितलं होतं का, असं नाहीये. कल्पना होती का, असं आहे. होती?"

"नाही," जोलीन म्हणाली. "देवाशपथ नव्हती. आज तर मी कोणाचं ऐकलंसुद्धा नाही."

त्याने 'नाही'वर खूण केली. डबी दिली. पट्टीवर पाच मिनिटांत दिसलं, सगळं स्वच्छ. एक झाली. दुसरीला पाच दिवस उरले होते, त्यात शनिवार-रविवार.

त्या दिवशी संध्याकाळी लिबीने साखळीला एका दिवसाची सुट्टी दिली. बायका थकल्या होत्या, आणि आज येऊन गेलेला माणूस उद्या कशाला येतोय? शुक्रवारपासून पुन्हा जोमाने लागू, असं ठरलं. गुरुवारी कित्येक दिवसांनी लिबी मनसोक्त झोपली. सात वाजता केसांच्या गुंडाळ्या न काढता, घरातल्या सपाता घालून ती बेकरीत गेली, आणि दारातच थिजली. एव्हलिनच्या समोर ओस्टरगार्ड उभा होता.

"खसखशीची एक मिळेल का?" तो विचारत होता. "माझी कोण तपासणी करतंय."

"तुम्ही," लिबी म्हणाली, "इथे काय करताय?"

तो म्हणाला, झालं सगळं. साडेसहाला वृद्धाश्रमात गेलो होतो. नदीकडच्या कच्च्या रस्त्याने आलो, पंप अजून उघडायचाय. लिबीने एव्हलिनकडे पाहिलं, एव्हलिनने मान हलवली, तिलाही आत्ताच कळत होतं. बावन्न सालापासून लिपामध्ये लिबीला न कळता काही घडल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. लिबीच्या गालांवर रंग चढला.

"मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"बाई, तुमच्या भाचीलाही नव्हतं माहीत," ओस्टरगार्ड म्हणाला. "मला बघून तिने विचारलं, काल काही विसरलात का तुम्ही? मी म्हटलं, बस, हेच लिहितो."

त्याने दाखला वर धरून दाखवला. दोन ओळी, दोन तारखा, खाली सही आणि शिक्का. लिबीने तो चष्म्याशिवाय वाचला, मग एव्हलिनचा चष्मा घेऊन वाचला. खसखस दुकानात नव्हतीच, म्हणून त्याला जर्दाळूची मिळाली. त्याने तीही नीट खाल्ली.

दाखला जोलीनने त्याच दिवशी स्वतः कॉलेजात नेऊन दिला. तिथल्या बाईने तो उलटसुलट करून पाहिला, यंत्रात काहीतरी टाइप केलं आणि कळवू म्हणाली. मग एक आठवडा गेला. नऊ तारीख गेली, अकरा गेली. जोलीन कामावर जायची, यायची, कोणाशी काही बोलायची नाही. लिबीनेही कोणाला काही विचारलं नाही, म्हणजे टपालवाल्याला सोडून.

तेराला दुपारी जोलीन लिबीच्या पायरीवर येऊन बसली. हातात फोडलेलं पाकीट होतं. पत्र चार ओळींचं होतं. पात्रता परत मिळालेली आहे, या सत्रापासून मदत सुरू होईल, वर्ग तेवीस तारखेला सकाळी आठला. तिने ते वाचून दाखवलं, मग पुन्हा एकदा वाचून दाखवलं, आणि मग आत्याच्या खांद्यावर डोकं टेकून थोडी रडली. लिबीने एप्रनच्या टोकाने तिचं नाक पुसलं, ती चार वर्षांची असताना पुसायची तसं.

"एक घोळ होणार आहे," जोलीन जरा वेळाने म्हणाली. "सोमवार ते गुरुवार सकाळी वर्ग आहेत. म्हाताऱ्यांच्या नाश्त्याचं काय करायचं? एकदम कोण मिळणार?"

"सोमवारी-मंगळवारी साखळीतली मिल्ड्रेड येतेय, बुधवारी एव्हलिनची सून, गुरुवारी मी. पोकोर्नींना खीर पातळ लागते, ते सगळ्यांना सांगून झालंय."

जोलीनने डोकं उचललं.

"हे कधी ठरलं?"

"जूनमध्ये."

"जूनमध्ये कसं ठरेल? पत्र आज आलंय, आत्या. आणि मला कोणी सांगितलं कसं नाही?"

लिबी उठली आणि कॉफी उतू जातेय का ते बघायला आत गेली.